पोलीस शिपाई: भरतीत काय पाहतात आणि ठाण्यात काय करावे लागते

महाराष्ट्रात २०२४ साली पोलीस शिपाई आणि तत्सम पदांच्या १७,४७१ जागांची भरती झाली, तेव्हा १७ लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे ढोबळमानाने शंभर उमेदवार. १६०० मीटर किती मिनिटांत धावले तर किती गुण पडतात, हे यांतल्या बहुतेकांना तोंडपाठ असते. मात्र निवड होऊन अंगावर खाकी चढल्यावर दिवसभर नेमके काय करायचे असते, असे विचारले तर उत्तर बंदोबस्त, गस्त आणि चोर पकडणे यापलीकडे सहसा जात नाही. यात त्यांचा दोष नाही. भरतीची माहिती गावोगावच्या अकादम्या, पुस्तके आणि व्हॉट्सअ‍ॅप गट पुरवतात. नोकरीची माहिती मात्र नोकरीत शिरल्यावरच कळते. म्हणून या लेखात भरतीचे नियम आवश्यक तेवढेच सांगितले आहेत आणि कामाबद्दल अधिक लिहिले आहे. भरती हातापायांची परीक्षा घेते आणि नोकरी प्रामुख्याने लेखणीची व जिभेची असते, हे ज्याला आधी उमगले त्याची तयारी वेगळी होते.

पात्रता आणि घटकाची निवड

राज्यघटनेनुसार पोलीस हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचे भरतीचे नियम निराळे असतात. महाराष्ट्रात भरती राज्यभर एकाच वेळी जाहीर झाली, तरी जागा घटकनिहाय असतात. घटक म्हणजे एखाद्या जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक कार्यालय, शहराचे पोलीस आयुक्तालय, लोहमार्ग पोलीस किंवा राज्य राखीव पोलीस दलाचा गट. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो, त्यामुळे घटक निवडतानाच अर्धा निकाल ठरतो असे मुले म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. पण जागा किती आणि मागच्या वेळी कट-ऑफ कितीला लागला, एवढेच पाहून घटक निवडणे शहाणपणाचे नाही. ज्या घटकात भरती होते तिथेच नोकरीचा बहुतेक काळ जातो. आंतरजिल्हा बदली मिळणे अवघड असते आणि मिळालीच तर नव्या जिल्ह्यात सेवाज्येष्ठतेवर पाणी सोडावे लागते. मुंबईत जागा जास्त म्हणून तिकडे अर्ज करणाऱ्या विदर्भातल्या मुलाने आईवडील गावी आणि आपण नायगावच्या बराकीत, अशी पुढची पंधरा-वीस वर्षे डोळ्यांपुढे आणूनच निर्णय घ्यावा.

शिक्षणाची अट बारावी उत्तीर्ण अशी आहे. खुल्या प्रवर्गासाठी वय १८ ते २८ आणि मागास प्रवर्गासाठी १८ ते ३३ वर्षे असावे लागते. माजी सैनिक आणि इतर काही गटांना वेगळी सवलत आहे. पुरुषांसाठी उंची किमान १६५ सेंटिमीटर आणि छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर व फुगवल्यावर किमान ५ सेंटिमीटर अधिक असावी लागते. महिलांसाठी उंची किमान १५५ सेंटिमीटर असून छातीचे मोजमाप नसते. राज्य राखीव पोलीस दलासाठी उंचीची अट १६८ सेंटिमीटर आहे. महिलांसाठी ३० टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत मिळणारे, आरक्षण आहे. ठरावीक काळ सेवा केलेल्या होमगार्डना, खेळाडूंना, प्रकल्पग्रस्तांना आणि पोलिसांच्या पाल्यांनाही समांतर आरक्षणाचा लाभ मिळतो. डिसेंबर २०२२ मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेल्यानंतर अर्जात तृतीयपंथी उमेदवारांसाठी स्वतंत्र पर्याय आला. चालक शिपायाला वाहन चालवण्याचा परवाना आणि कौशल्य चाचणी या दोन अटी जास्तीच्या लागू होतात.

कागदपत्रांची बाजू कंटाळवाणी वाटते, परंतु मैदान मारलेली मुले इथे अडकतात. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, अधिवास, समांतर आरक्षणाचा पुरावा ही सगळी कागदपत्रे जाहिरातीत दिलेल्या तारखेला हाताशी असावी लागतात. नंतर काढलेला दाखला कितीही खरा असला तरी तो चालेलच याची खात्री नसते. लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्रही द्यावे लागते. २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते. एखादा गुन्हा दाखल आहे एवढ्यावरून नोकरी जातेच असे नाही, मात्र ती माहिती लपवली असल्याचे उघड झाले तर बचाव करणे फार कठीण जाते. गावातल्या भांडणात नाव आले असेल आणि पुढे तडजोड झाली असेल, तरीही पडताळणी अर्जात ते लिहावे.

मैदान आणि पेपर

शारीरिक चाचणी ५० गुणांची असते. पुरुषांना १६०० मीटर धावण्यासाठी २० गुण, १०० मीटरसाठी १५ आणि ७.२६० किलोच्या गोळाफेकीसाठी १५ गुण असतात. महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा असतो, गुणांची वाटणी तीच. १६०० मीटरमध्ये पुरुष उमेदवाराला पूर्ण २० गुण हवे असतील तर ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत यावे लागते. निम्मे म्हणजे २५ गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेचा विचारच होत नाही, आणि २५ मिळाले म्हणून बोलावणे येतेच असेही नाही, कारण प्रवर्गनिहाय एका जागेमागे दहा जणांनाच लेखी परीक्षेला बोलावले जाते. मागील भरत्यांमध्ये धावण्याची वेळ मोजण्यासाठी उमेदवाराला चिप लावली गेली आणि मैदानावर चित्रीकरण झाले. यामुळे हातातल्या घड्याळावरून होणारे वाद बरेच कमी झाले. २०२४ मध्ये मैदानी चाचणी १९ जूनला म्हणजे ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सुरू झाली आणि अनेक ठिकाणी चिखलामुळे तारखा पुढे ढकलाव्या लागल्या. ज्यांचा सराव केवळ कोरड्या ट्रॅकवर झाला होता त्यांची तारांबळ उडाली. राज्य राखीव दलात मात्र ५ किलोमीटर धावणे असून शारीरिक चाचणी १०० गुणांची असते.

लेखी परीक्षा १०० गुणांची, ९० मिनिटांची आणि बहुपर्यायी असते. अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण असे चार विषय. किमान ४० टक्के गुण आवश्यक असले तरी प्रत्यक्ष निवड शारीरिक आणि लेखी गुणांच्या बेरजेवर होत असल्याने चाळिशीचा आकडा नाममात्रच आहे. समास, प्रयोग आणि वाक्प्रचार विचारणाऱ्या या पेपरात चार ओळी स्वतःच्या मनाने लिहून दाखवा असा एकही प्रश्न नसतो. ज्या माणसाला पुढे आयुष्यभर दुसऱ्याची हकिकत कागदावर उतरवायची आहे, त्याने सरळ मराठीत एक परिच्छेद लिहून दाखवावा अशी अपेक्षा भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर ठेवलेली नाही. ही मोठी उणीव आहे असे माझे मत आहे. अर्थात लाखो उत्तरपत्रिका तपासायच्या म्हटल्यावर बहुपर्यायी परीक्षेला व्यवहार्य पर्याय काय, हा प्रश्नही आहेच.

प्रशिक्षण आणि मुख्यालयातली वर्षे

निवड झालेल्यांना साधारण नऊ महिन्यांचे मूलभूत प्रशिक्षण मिळते. खंडाळा, नानवीज, तुरची, जालना, अकोला, मरोळ अशा ठिकाणी पोलीस प्रशिक्षण केंद्रे आहेत. पहाटेची पीटी, कवायत, शस्त्र हाताळणी, गोळीबाराचा सराव ही मैदानावरची बाजू असते. वर्गात कायदे, तपासाची पद्धत, संगणक, प्रथमोपचार आणि वर्तणुकीचे नियम शिकवले जातात. बाहेरच्या मैदानात चमकणारी अनेक मुले वर्गात डुलक्या काढतात. चार तास उन्हात कवायत झाल्यावर कलमे डोक्यात शिरत नाहीत, हे खरेच; पण याच कलमांची गरज पुढे रोज पडते.

दीक्षान्त संचलनानंतर बहुतेकांना वाटते की आता थेट पोलीस ठाणे. प्रत्यक्षात जिल्ह्यात पोलीस मुख्यालय आणि मुंबईत सशस्त्र पोलीस, म्हणजे बोलीभाषेत एलए, इथे सुरुवातीची काही वर्षे जातात. तिथली कामे म्हणजे गार्ड ड्यूटी, कारागृहातून न्यायालयात आणि न्यायालयातून कारागृहात कैदी नेणारी कैदी पार्टी, महत्त्वाच्या व्यक्तींचा बंदोबस्त, दंगल नियंत्रण पथक आणि सणावारांचा बंदोबस्त. पुण्यातली गणेश विसर्जन मिरवणूक एक पूर्ण दिवस उलटून गेला तरी सुरू असते. आषाढीला पंढरपुरात आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंचा जनसमुदाय येतो. या ठिकाणी शिपायाचे काम दिसायला उभे राहण्याचे असते, पण खरे काम गर्दीचा प्रवाह कुठे तुंबतो आहे ते सर्वांत आधी ओळखून वर कळवण्याचे असते. बॅरिकेडजवळ रेटारेटी सुरू झाली, तर ती नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर दिसण्याआधी तिथे उभ्या असलेल्या माणसाला जाणवते.

ठाण्यात गेल्यावर

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा या नोकरीचा मूळ कायदा. २०१२ पर्यंत त्याचे नाव मुंबई पोलीस अधिनियम होते. त्याच्या कलम २८ प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते आणि राज्यात कुठेही त्याची नेमणूक होऊ शकते. कलम ६४ मध्ये कायदेशीर आदेश पाळणे, दखलपात्र गुन्ह्यांची खबर मिळवणे, गुन्हा घडू न देणे, सार्वजनिक उपद्रव रोखणे अशी कर्तव्ये येतात. मला कलम ६६ अधिक बोलके वाटते. रस्त्यात असहाय किंवा अपंग अवस्थेत आढळलेल्या माणसाला मदत करणे, अटकेतल्या जखमी किंवा आजारी व्यक्तीला उपचार मिळवून देणे, झडती घेताना विनाकारण उद्धटपणा न करणे, स्त्रिया आणि मुलांशी सभ्यतेने व सौम्यपणे वागणे, आग आणि अपघात टाळण्याचा प्रयत्न करणे, ही त्या कलमात लिहिलेली कायदेशीर कर्तव्ये आहेत. ती कुणाच्या चांगुलपणावर सोडलेली नाहीत.

ठाण्यातल्या कामाच्या वाटण्या बाहेरच्याला सहज समजत नाहीत. समोरच्या टेबलावर बसून येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार ऐकणारा तो ठाणे अंमलदार. ठाण्याच्या हद्दीचे तुकडे पाडलेले असतात, त्यांना बीट म्हणतात, आणि बीट अंमलदाराला त्या भागातल्या माणसांची, वादांची, सराईत गुन्हेगारांची माहिती असणे अपेक्षित असते. जप्त केलेल्या वस्तू सांभाळणारा मुद्देमाल कारकून, समन्स आणि वॉरंट बजावणारा अंमलदार, खटल्याच्या तारखा आणि साक्षीदार यांचा मागोवा ठेवणारा कोर्ट पैरवी अंमलदार, सभा-मोर्चांची आगाऊ खबर काढणारा गोपनीय विभागाचा माणूस, गुन्ह्यांच्या माहितीच्या सीसीटीएनएस या संगणक प्रणालीत नोंदी भरणारा संगणक अंमलदार, गुन्ह्यांची उकल करणारे डीबी पथक, ११२ क्रमांकावर आलेल्या फोनसरशी निघणारी गाडी: हे सगळे एका ठाण्यात चालते. शिवाय पासपोर्टची पडताळणी असते. बहुतेक नागरिकांची पोलिसांशी पहिली गाठ तिथेच पडते आणि दलाविषयीचे त्यांचे मतही बरेचदा तिथेच बनते.

ग्रामीण भागात बीट अंमलदाराचा मोठा आधार म्हणजे पोलीस पाटील. हे पद पोलीस दलाच्या श्रेणीत येत नाही. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ नुसार ते निर्माण झाले आहे आणि नेमणूक महसूल खात्याचे उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत, करतात. उमेदवार त्या गावचा रहिवासी आणि नेमणुकीच्या वेळी २५ ते ४५ वयोगटातला असावा लागतो. त्याला पगार नसून मानधन असते आणि तो आपली शेती सांभाळून हे काम करू शकतो. गावात अनोळखी प्रेत सापडले, जत्रेत तणाव आहे, दोन भावकीत बांधावरून कुऱ्हाडी निघण्याची वेळ आली आहे, ही खबर ठाण्याला बहुधा पोलीस पाटलाकडून मिळते. ज्या बीट अंमलदाराचे आपल्या दहा-पंधरा गावांच्या पाटलांशी जमत नाही, त्याच्या हद्दीत काय चालले आहे हे त्याला वर्तमानपत्रातून कळते.

तक्रार लिहून घेणे

ठाणे अंमलदाराच्या टेबलावरचा एक प्रसंग सविस्तर पाहू, कारण या कामाची सगळी अवघड वळणे त्यात सापडतात. रात्री साडेअकराला एक गृहस्थ येऊन सांगतात, "साहेब, बसमधून उतरताना मोबाइल गेला." गेला म्हणजे हरवला की चोरीला गेला? ठाण्याच्या सोयीचे उत्तर पहिले असते, कारण 'गहाळ' अशी नोंद केली की गुन्ह्यांची संख्या वाढत नाही आणि तपास करावा लागत नाही. अशी पळवाट आपल्याकडे सर्रास वापरली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण खिशाची चेन उघडी होती, उतरताना मागून धक्का बसला आणि पाच मिनिटांत फोन बंद झाला, असे ते गृहस्थ सांगत असतील, तर ती चोरीची हकिकत आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात स्पष्ट केले की मिळालेल्या माहितीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल, तर तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. दखलपात्र म्हणजे ज्या गुन्ह्याचा तपास पोलीस दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना सुरू करू शकतात आणि वॉरंटविना अटक करू शकतात. अदखलपात्र असेल तर नोंद करून, बोलीभाषेत एनसी घेऊन, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जाण्यास सांगतात. वस्तूची किंमतही इथे महत्त्वाची ठरते, कारण नव्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या पहिल्या चोरीला वेगळी, समाजसेवेसारखी शिक्षा आणि वेगळे वर्गीकरण आहे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम हे तीन कायदे लागू झाले. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार तक्रारदाराने तोंडी सांगितलेली हकिकत लिहून घ्यायची, त्याला वाचून दाखवायची, त्यावर त्याची सही घ्यायची आणि प्रत विनामूल्य द्यायची. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला असला तरी 'आमची हद्द नाही' असे सांगून परत पाठवता येत नाही. शून्य क्रमांकाने नोंद करून कागद संबंधित ठाण्याकडे पाठवावे लागतात. तक्रार इलेक्ट्रॉनिक मार्गाने आली, तर तक्रारदाराने तीन दिवसांत सही करायची असते. काही लैंगिक गुन्ह्यांत पीडितेची तक्रार महिला अधिकाऱ्यानेच नोंदवावी लागते. याच कारणाने रात्रपाळीला एकही महिला अंमलदार नसणे, ही ठाण्याची गंभीर अडचण ठरते.

लिहिण्याच्या दृष्टीने यातला कठीण भाग वेगळाच आहे. घाबरलेला माणूस घटना क्रमाने सांगत नाही. तो शेवटापासून सुरू करतो, मध्येच रडतो, शेजाऱ्याच्या जुन्या भांडणावर जातो. त्याच्या बोलण्यातून वेळ, ठिकाण, कोण, काय, कशाने आणि कुणी पाहिले एवढे वेगळे काढून, त्याच्या तोंडी नसलेले शब्द त्याच्या तोंडी न घालता लिहायचे असते. एखाद्या आजीबाई "त्यानं मला ढकललं" एवढेच म्हणाल्या आणि लिहिणाऱ्याने सवयीने "जिवे मारण्याच्या उद्देशाने ढकलून दिले" असे लिहिले, तर दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील नेमके तेच वाक्य पुढे करतो, आणि मग त्या बाई न्यायालयात खोट्या ठरतात. तयार साच्यातली वाक्ये हा ठाण्यातल्या लेखनाचा जुना रोग आहे.

साक्षीदाराच्या जबाबाचा नियम फिर्यादीच्या, म्हणजे वर सांगितलेल्या तक्रारीच्या, उलट आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाबही आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. नव्याने भरती झालेल्यांना हे चमत्कारिक वाटते, पण पोलिसांनी दडपणाखाली काही वदवून घेऊ नये, या हेतूने कायद्याने हे फार पूर्वीपासून घालून दिले आहे. त्याच हेतूने स्त्रिया, पंधरा वर्षांखालील मुले आणि साठीच्या पुढचे लोक यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांच्या घरी जावे लागते.

पंचनामा, मुद्देमाल आणि अटक

घटनास्थळाचा पंचनामा हवालदार किंवा अधिकारी करतात आणि शिपाई मदतीला असतो. तिथेच तो हे काम शिकतो. दोन पंच, सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, चतुःसीमा, म्हणजे पूर्वेला कोणाचे घर, पश्चिमेला कोणता रस्ता, दारापासून रक्ताचा डाग किती फुटांवर, कुलूप तुटले आहे की कोयंडा उपटला आहे. जप्त वस्तू कागदी पाकिटात ठेवून त्यावर पंचांच्या सह्यांचे लेबल आणि लाखेचे सील लावतात. लेबलावरचा गुन्हा क्रमांक चुकला किंवा मुद्देमाल रजिस्टरात नोंद दुसऱ्या दिवसाची झाली, तर न्यायालयात त्या वस्तूबाबत शंका उपस्थित होते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आता बंधनकारक आहे; त्यासाठी ई-साक्ष हे अ‍ॅप वापरले जाते. मोबाइल हातात धरून, काहीही न वगळता, पंच आणि वस्तू दोन्ही चौकटीत ठेवून चित्रीकरण करणे हे शिपायाचे नवे कौशल्य झाले आहे. सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी येणे कायद्याला अपेक्षित आहे, आणि ते येईपर्यंत तिथली एकही वस्तू हलू न देण्याची जबाबदारी दोरी लावून उभ्या असलेल्या शिपायाची असते. घरातली माणसे आपुलकीने फरशी पुसून घेतात, नातेवाईक चाकू उचलून बाजूला ठेवतात; त्यांना दुखावल्याशिवाय अडवणे सोपे नसते.

अटकेबाबत शिपायाचे अधिकार लोकांना वाटतात त्यापेक्षा मर्यादित आहेत. अटक केलेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे लागते. अटकेची कारणे सांगणे आणि नातेवाइकाला कळवणे आवश्यक असते. अपवादात्मक परिस्थिती सोडली तर सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीच्या पुढच्या किंवा आजारी व्यक्तीला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही. कोठडीतल्या माणसाच्या अंगावर नवी जखम दिसली, तर पहिला प्रश्न कोठडीच्या पहाऱ्यावरच्या शिपायाला विचारला जातो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचे निर्देश दिले आहेत, त्यामुळे "मला माहीत नाही" हे उत्तर आता फारसे टिकत नाही. वरिष्ठांनी सांगितले म्हणून केले, हा बचावही बेकायदा आदेशाला लागू होत नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६४ मध्ये 'कायदेशीर' आदेश पाळण्याचेच बंधन आहे.

पगार, बढती आणि बंधने

शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपये असून त्यावर महागाई भत्ता, घरभाडे आणि इतर भत्ते मिळतात. निवृत्तीचे वय ५८ आहे. पूर्वी शिपाई, नाईक, हवालदार, सहायक उपनिरीक्षक अशी चढण होती. २०२२ मध्ये नाईक हे पद रद्द झाले, त्यामुळे हवालदार होण्याचा काळ कमी झाला आणि अनेकांना निवृत्तीपूर्वी उपनिरीक्षक दर्जापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. याचा आर्थिक लाभ आहेच, पण हवालदार झाल्यावर तपास करता येतो आणि तपासी अंमलदारांची संख्या वाढते, हा ठाण्याचा फायदा अधिक महत्त्वाचा. सगळे गुन्हे मात्र हवालदाराकडे देता येत नाहीत. उदाहरणार्थ, अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचा तपास उपअधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पदवी घेतलेल्या शिपायाला लोकसेवा आयोगाची उपनिरीक्षक पदाची परीक्षाही देता येते, आणि नोकरी सांभाळून अभ्यास करणारे अनेक जण ठाण्याठाण्यांत दिसतात.

दुसऱ्या बाजूला, पोलिसाला परवानगीशिवाय कामगार संघटनेचा सभासद होता येत नाही, कारण १९६६ च्या केंद्रीय कायद्याने पोलिसांच्या त्या हक्कावर मर्यादा घातली आहे. राजकीय पक्षाचे काम किंवा खात्याच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करता येत नाही. समाजमाध्यमांवर गणवेशातली रील टाकणाऱ्यांवर कारवाया झाल्या आहेत. साप्ताहिक सुट्टी कागदावर असते, पण निवडणुका, सण आणि मोर्चे यांच्या काळात ती रद्द होते. २०२२ मध्ये नैमित्तिक रजा १२ वरून २० दिवस करण्यात आल्या. त्या प्रत्यक्षात मिळणे ठाण्यातल्या मनुष्यबळावर आणि प्रभारी अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते.

म्हणून भरतीची तयारी करणाऱ्याने धावण्याच्या सरावाबरोबर दोन गोष्टी आतापासून कराव्यात. जवळच्या न्यायालयात एखाद्या फौजदारी खटल्याची उलटतपासणी मागच्या बाकावर बसून ऐकावी. खुल्या न्यायालयात बहुतेक खटले कुणालाही ऐकता येतात. आणि घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजीबाईंकडून घडलेली कुठलीही घटना ऐकून, वेळ व ठिकाणासह, त्यांचेच शब्द राखून एका पानावर लिहावी आणि त्यांना वाचून दाखवावी. "मी असं म्हणालेच नव्हते," असे त्या म्हणाल्या, तर कुठले वाक्य आपण घुसडले ते शोधून पान पुन्हा लिहावे.